चष्म्याला पाचपैकी पाच

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. आता सगळं सुरळीत आहे, सून सकाळी डबा भरून ऑफिसला जाते, संध्याकाळी येताना गाडीवरची भाजी घेऊन येते. पण मध्ये आठ दिवस असे गेले की तिची नोकरी राहते की जाते असं झालं होतं, आणि ती घालवायला निघाले होते मी. तेही प्रेमापोटी. रागापोटी केलं असतं तर निदान लोकांना कळलं तरी असतं.

मी फार शिकलेली नाही. चौथीपर्यंत शाळा झाली. पुढे मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा त्याच्या पुस्तकांतून त्याच्याबरोबर पाचवी, सहावी, सातवी असं करत गेले. दहावीला तो पास झाला, मी भूमितीत अडकले. तेव्हा लिहिण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

तर माझी सून. घाटावरची, कम्प्युटरचं शिकलेली. लग्नानंतर चांगली वाशीला नोकरीला जात होती. मग माझ्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि तिनं नोकरी सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. मी तर सोडू नको म्हणाले, पण असं म्हणताना तिचाच हात धरून संडासाला चालले होते, म्हणजे माझ्या त्या म्हणण्याला काय किंमत. मी पायावर उभी राहीपर्यंत वर्ष गेलं. ती पुन्हा काम शोधायला लागली तेव्हा जो तो विचारी, मधल्या काळात काय केलंत? ती काय सांगणार, सासूचे पाय चोळले?

शेवटी एका लहानशा कंपनीत काम लागलं. सहा महिने बघू, काम पटलं तर कायम करू, असं त्यांनी सांगितलं. काम ऐकून मी चाटच पडले. ते डोळ्यांवर लावायचे जाड चष्मे निघालेत ना, लावले की आपण भलत्याच ठिकाणी जाऊन उभे राहतो, त्या चष्म्यातल्या गोष्टी तपासायच्या. कुणी दवाखान्यासाठी काही बनवतं, कुणी शाळेसाठी, कुणी बिल्डरसाठी. ते विकत घेण्याआधी लोक या कंपनीला विचारतात, आम्हाला हे उपयोगाचं आहे का, खरं खरं सांगा. तिनं मला नीट समजावलं. म्हणाली, आई, एका प्रकारात आपलं काहीच दिसत नाही, सगळं नवीन दिसतं. दुसऱ्या प्रकारात मोबाइल समोर धरला की आपलंच घर दिसतं, पण त्यात नसलेली वस्तू पण दिसते. मी म्हटलं, हा दुसरा प्रकार माझ्या सासूबाईंना मोबाइलशिवाय जमायचा.

पाच महिने झाले आणि तिला पहिलं मोठं काम एकटीला मिळालं. पाच गोष्टी साठीच्या पुढच्या बायकांकडून तपासून घ्यायच्या आणि अहवाल द्यायचा. या अहवालावर तिचं कायम व्हायचं की नाही ते ठरणार होतं. तिला बायका कुठून मिळणार? मी म्हटलं, तू काळजी करू नको. आमच्या बिल्डिंगच्या खालच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी भजन असतं, तिथे आम्ही दहाजणी जमतो, आणखी दोघी मी आणते. चष्मे तिथेच आण.

आणि इथेच मी घोळ घातला. आदल्या दिवशी मी एकेकीच्या दारात जाऊन सांगून आले, की उद्या माझ्या सुनेचं काम आहे, तिची नोकरी त्यावर आहे, मार्क द्यायला हात आखडू नका. मला वाटलं, मी केवढी मदत केली.

मंगळवारी सुनेनं हॉलमध्ये दोन खुर्च्या मांडल्या, चष्मे पुसून ठेवले, आणि येताना सगळ्यांसाठी पोहे करून आणले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. प्रत्येकीच्या हातात एक कागद दिला. त्यावर हसऱ्या-रडक्या तोंडांची चित्रं होती, एकपासून पाचपर्यंत. खाली प्रश्न: दिसलं का नीट, समजलं का, चक्कर आली का, पुन्हा वापराल का.

पहिला चष्मा दवाखान्याचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी करायचा व्यायाम. समोर आमराई दिसते, पाय सरळ करून उचलला की एक आंबा टोपलीत पडतो. दुसरा बिल्डरचा. इमारत अजून जमिनीतून वर आलेली नाही, पण चष्म्यातून आपण फ्लॅटमध्ये फिरायचं. तिसरा देवदर्शनाचा, ज्यांना चढण चढवत नाही त्यांच्यासाठी. चौथा मोबाइलचा, दुकानातली साडी न नेसता अंगावर कशी दिसेल ते दाखवणारा. आणि पाचवा शाळेतल्या मुलांसाठी, मीठ कसं तयार होतं त्याचा धडा. या पाचव्यातली माहिती बनवणाऱ्यांना सुनेनंच लिहून दिली होती, म्हणून तिचा त्यावर जरा जास्त जीव होता.

माझी नणंद गावाहून आली होती, त्यांना धरून अकरा. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, मी त्यांना वन्सं म्हणते. शिरढोणच्या अलीकडे त्यांचं घर. जमीन गेली, पैसा आला, तीन मजली बंगला झाला, पण वन्सं अजून मागच्या अंगणात चुलीवर पाणी तापवतात. त्यांनी बिल्डरचा चष्मा लावला, दोन खोल्या फिरल्या आणि तिसऱ्या खोलीच्या दारात मटकन खाली बसल्या. म्हणजे हॉलच्या फरशीवर. चेहरा पांढरा. सून धावली, पाणी दिलं, वारा घातला. पाच मिनिटांनी वन्संनी कागद मागितला. चक्कर आली का, या प्रश्नापुढे नाही वर खूण केली आणि वर पाच नंबरचं हसरं तोंड.

बारावी माझ्या शेजारची नर्सबाई, भजनाला नसते पण हिला मुद्दाम बोलावलेलं. सरकारी दवाखान्यात जन्म गेला तिचा. ज्यू आहे, आमच्याइतकंच मराठी बोलते, मुलं दोन्ही तिकडे इस्राएलला आणि ही इथे एकटी मजेत. शनिवार सोडून कधीही हाक मारा, हजर. ती पेशंटच्या नातेवाइकांना तोंडावर खडसावणारी बाई. मला वाटलं ही तरी काही बोलेल. तिनं व्यायामाचा चष्मा लावून दहा आंबे पाडले, चष्मा काढला, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, छान आहे हो. पाच.

आता माझं सांगते. मी मिठाचा चष्मा लावला. माझं माहेर उरणच्या बाजूचं, मिठागरातलं. सोळाव्या वर्षी लग्न होईपर्यंत मी मिठात वाढले. ही गोष्ट मी या घरात फारशी कुणाला सांगितलेली नाही. लग्न होऊन पनवेलच्या बाजारपेठेत आले, तेव्हा इथल्या बायका माझ्या पायाच्या भेगांकडे बघायच्या, त्यामुळे तो विषयच मी काढत नसे. तर चष्मा लावला आणि समोर वाफे दिसले, चौकोनी, पाण्यानं भरलेले, वर आभाळ. मी काय केलं असेल? चपला काढून बाजूला ठेवल्या. वाफ्याच्या बांधावर चपला घालून कुणी जात नाही, तसं पाऊलच पडत नाही आमचं. हॉलमध्ये सगळ्या हसल्या. मग समोरून एक माणूस आला, गुडघ्यापर्यंत काळे रबरी बूट घातलेला, आणि तसाच सरळ वाफ्यात उतरला. मी हात वर करून त्याला अडवायला गेले. पण चष्मा काढला तर समोर सून उभी, डोळे माझ्या तोंडाकडे लावून. मी म्हटलं, फार सुंदर झालंय. पाच.

संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर कागद लावत बसली होती. बारा बायका, पाच गोष्टी, आणि सगळीकडे एकच तोंड हसतंय. मला वाटलं आता उड्या मारेल. ती नुसती कागद चाळत राहिली. म्हणाली, आई, आत्यांना चक्कर आली होती ना? मी म्हटलं, आली होती, पण तेवढं काय धरायचं.

दुसऱ्या दिवशी ती लवकर घरी आली. पर्स खुर्चीवर टाकली आणि माझ्यासमोर बसली.

"ऑफिसातल्या मॅडमनी अहवाल परत दिला," ती म्हणाली. "म्हणाल्या, हे मूल्यमापन आहे की हळदीकुंकू?"

पुढच्या सोमवारपर्यंत मुदत होती. त्याच बायका, त्याच पाच गोष्टी, पण खरं मत. तसं मिळालं नाही तर मॅडम तिच्याबद्दल वर काही चांगलं लिहू शकणार नव्हत्या. खोटं बोलून कुणाला चष्मा घ्यायला लावला, तर घेणारा दवाखाना आणि तिथला पेशंट फसतो, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते ऐकून पटलं. माझ्यासारखीनं मान दुखवत आंबे पाडायचे आणि वर छान म्हणायचं, हे काय?

मी तिला सांगून टाकलं, की दारोदार जाऊन मार्क मागून आले होते ती मी. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. ती हसली थोडीशी. मग उठून गॅलरीतले वाळलेले कपडे काढायला गेली, आणि सहा कपड्यांच्या घड्या घालायला तिला अर्धा तास लागला.

मी काय स्वस्थ बसणार? पुन्हा एकेकीच्या दारात. या वेळी उलटं सांगितलं, की खरं काय वाटलं ते मोकळेपणानं सांगा, वाईट असेल तर वाईट म्हणा, तिला तेच हवंय. एकीनं चहा केला, एकीनं बेसनाची वडी दिली, आणि सगळ्यांनी सांगितलं की छानच होतं गं, उगीच काय वाईट म्हणायचं. सुनेनं स्वतः फोन केले, तेव्हाही तेच. एकजण तर म्हणाली, पाचाच्या वर काही असेल तर ते पण दे आमच्याकडून.

शुक्रवारी वन्सं परत गावाला निघाल्या. त्यांना एसटी स्टँडवर सोडायला मी रिक्षा केली. सून खाली येऊन हात हलवून गेली. रिक्षा बिल्डिंगच्या फाटकातून निघाली, कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या दुकानापाशी वळली, आणि वन्संनी पदर नीट केला, मागे एकदा बघितलं आणि सुरू झाल्या.

"वहिनी, तो फ्लॅट बगितलास ना? तो पलंग पाच फुटी पण नाय. माझं डोकं उशीवर ठेवलं तर पाय बाहेर लोंबतील. खोली मोठी दिसावी म्हनून पोराचा पलंग ठेवलाय मेल्यांनी."

पुढे म्हणाल्या, खिडकीतून समुद्र दाखवलाय, आमी इथं जन्मलो, तिथून समुद्र दिसायला समुद्रानं उठून यायला पायजे. धुणं कुठं वाळत घालायचं त्याचा पत्ता नाय. आणि दारातून आत जाताना जमीन अशी हलते की होडीत बसल्यासारखं होतं, म्हणून तर पडले ना मी. साडीचं विचारूच नको. पदर उजव्या खांद्यावर, मोबाइलला आरशासारखं उलटं दिसतं तसं. अशी साडी नेसून मी गावात गेले तर लोक विचारतील कुठल्या देशातून आली.

मी म्हटलं, वन्सं, हे सगळं तिथं का नाही बोललात?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच खुळी आहे.

"तिथं कसं बोलनार? पोहे खाल्ले होते ना तिचे."

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, साखरपुडा असो, ज्याच्या दारात बसलोय त्याच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही. जिलेबी दगडासारखी असली तरी चावायची आणि म्हणायचं, झकास झाली. पण तिथून निघालो, रिक्षा कोपऱ्यावर वळली, की मग जे काही असेल ते सगळं बाहेर. वरणात मीठ कमी, नवरीचा मामा फुगून बसलेला, हार किती शिळे. घरी पोहोचेपर्यंत सगळा निकाल लागलेला असतो. आम्ही खोटारड्या नाही हो. फक्त खरं बोलायची जागा ठरलेली आहे, आणि ती रिक्षा आहे.

स्टँडवर वन्संना गाडीत बसवायच्या ऐवजी मी हात धरून परत आणलं. त्या विचारत होत्या, काय झालं, काय राहिलं? मी म्हटलं, तुम्ही अजून दोन दिवस राहा, तुमच्यावाचून अडलंय.

सुनेला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली आणि मग एकदम गंभीर झाली. मॅडमना फोन केला. मी स्वयंपाकघरातून कान देऊन होते. पलीकडून हसू ऐकू आलं. मॅडमनी परवानगी दिली, वर म्हणाल्या की ही पद्धत अहवालात लिही, लपवू नको.

रविवारी सकाळी सगळ्याजणींना पुन्हा हॉलमध्ये बोलावलं. या वेळी पोहे नाहीत, चहा नाही, साधं पाणी सुद्धा आपापलं आणायला सांगितलं. त्यामुळे सगळ्या जरा रुसल्यासारख्या झाल्या, आणि ते आमच्या फायद्याचंच होतं. पुन्हा चष्मे लावले. मग दोघी-दोघींना घेऊन रिक्षात बसायचं, मी तिसरी. बिल्डिंगपासून तळ्याला वळसा घालून, स्टँडवरून परत फाटकाशी. सून हॉलमध्येच थांबणार. मी सगळ्यांना सरळ सांगितलं, की मी वहीत लिहून घेणार आहे आणि ते तिच्यापर्यंत पोहोचणार आहे, पण कोण काय म्हणालं ते नाही. एकजण म्हणाली, अक्षर तुझंच ना? मग कळायचं नाही कुणाला काही.

रिक्षावाला आमचा नेहमीचा, पिकल्या दाढीचा चाचा. त्याला सांगितलं, कोपरा आला की जरा हळू घे, म्हणजे मला लिहायला जमेल. आणि काय सांगू, प्रत्येक फेरीला तेच. फाटक ते मेडिकल, दोघी हाताची घडी घालून गप्प. मेडिकल गेलं की सुरू.

नर्सबाई म्हणाली, व्यायामाची कल्पना चांगली आहे, पायाला वळण बरोबर देतात, पण चष्म्याचं वजन सगळं मानेवर येतं. गुडघा बरा होईल आणि मानेचा पेशंट तयार होईल. शिवाय प्रत्येक आंब्याला ती आतली बाई शाब्बास शाब्बास म्हणते, तान्ह्या बाळाला म्हणतात तसं. ऑपरेशन झालेला माणूस आधीच वैतागलेला असतो, त्याला हे ऐकवलं तर तो चष्मा फेकून मारेल. तरी हा दवाखान्यानं घ्यावा, ती म्हणाली, पण हलका करून आणि त्या बाईचं तोंड बंद करून.

देवदर्शनावर मात्र दोन तट पडले. एकीला तिथे रडू आलं होतं, चार वर्षांत चढण चढली नव्हती ती, तिला समोर गाभारा दिसला हेच पुष्कळ होतं. ती म्हणाली, माझं लिही, असू दे हे. दुसरी म्हणाली, दर्शन होतं पण पायाला फरशी थंड लागत नाही, आणि हात जोडतो तोच पडद्यावर अक्षरं येतात, वेळ संपली. तिथे खऱ्या देवळात पुजारी ढकलतो तो निदान माणूस असतो. मी दोन्ही लिहिलं.

फ्लॅटचा विषय निघाला की चाचा पण तोंड घालायचा. मुलाच्या लग्नाआधी त्यानं असाच एक सॅम्पल फ्लॅट बघितला होता, खराखुरा, चष्म्यातला नाही. म्हणाला, तौबा, तिथं पण पलंग असाच होता ताई, आमचा खरा पलंग आणला तर दार उघडेना. माझं पण नाव लिहा कागदावर. मी म्हटलं, चाचा, तुम्ही साठीच्या पुढचे आहात पण बाई नाही. तो म्हणाला, मग खाली कोपऱ्यात लिहा.

पाच फेऱ्या जोडीच्या, शेवटची एकटीची, अशा सहा फेऱ्या झाल्या, वही भरली. सून हॉलमध्ये एकटी बसून होती. मी वही दिली, ती उभ्या उभ्याच वाचायला लागली, कधी हसत, कधी पेन्सिलीनं खूण करत. शेवटच्या पानावर आली आणि थांबली.

"आई, मिठाच्या धड्यावर कुणाचं काहीच नाही?"

नव्हतंच. बाकीच्या अकराजणींनी छान आहे एवढंच म्हटलं होतं, आणि ते त्यांचं खरंच मत होतं, कारण त्यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. वन्सं शेतातल्या. माहीत होतं फक्त मला. आणि मी स्वतःच्या वहीत स्वतःचं काही लिहिलं नव्हतं.

मी म्हटलं, चांगला झालाय गं तो. तिनं वही मिटली. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, तुम्ही त्या दिवशी चपला का काढल्या होत्या? आजही चष्मा लावताना काढल्यात. मी चपलांमधले पाय मागे घेतले. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि बाहेर जाऊन चाचाला हाक मारली. म्हणाली, चाचा, अजून एक फेरी.

आता बघा, आठ वर्षं ही माझी सून आहे. आठ वर्षांत मी तिच्या कुठल्याही गोष्टीला नाव ठेवलं नाही. माझ्या सासूबाईंनी मला इतकी नावं ठेवली होती की मी ठरवलंच होतं, माझ्या तोंडून नाही निघायचं. तिची भाकरी जाड होते, मी म्हणते मस्त. पडदे तिनं जांभळे आणले, मी म्हटलं छान. त्या दिवशी मी रिक्षात बसले, ती शेजारी, आणि फाटकापासून मेडिकलपर्यंत मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते. मेडिकल आलं. चाचानं न सांगता रिक्षा हळू केली.

मी म्हटलं, ते बूट काढ आधी.

मग सगळं सांगितलं. वाफ्याचा तळ असा नुसता नसतो. पाऊस संपला की सगळ्या रांगेत उभ्या राहायच्या आणि दिवसचे दिवस पायांनी माती तुडवायची, पुढे एक पाऊल, बाजूला एक पाऊल, फटीफटीतून पाणी झिरपू नये म्हणून. तो तळ फरशीसारखा गुळगुळीत होतो. त्यात बूट घालून कुणी उतरला तर तळ उखडतो आणि मीठ मातकट येतं, माझ्या बापानं त्याला बांधावरूनच हाकलला असता. भरतीचं पाणी आत घेतात ते तुझ्या धड्यात नळ सोडल्यासारखं येतं, तसं नाही येत. मीठ नुसतं उन्हानं होत नाही, वारा लागतो. वारा पडला की आई आभाळाकडे बघत बसायची. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, तुझ्या त्या मिठागरात एक पण बाई नाही. मग टोपल्या डोक्यावरून कुणी वाहिल्या? मी वाहिल्यात. पायाच्या भेगांत मीठ शिरलं की काय होतं ते तुझ्या त्या बूटवाल्याला विचार.

एवढं बोलून झालं आणि मी घाबरले. तळं मागे पडलं होतं. ती मोबाइलवर लिहीत होती भराभर. मग म्हणाली, मी हे सगळं इंटरनेटवर शोधून लिहिलं, आठ वर्षं तुम्ही शेजारच्या खोलीत आहात. तुम्ही कधी बोलला का नाहीत? मी म्हटलं, तू कधी विचारलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही सगळ्यालाच छान म्हणता, मला वाटलं तुम्हाला कशातलं काही सांगायचंच नसतं.

तेवढ्यात स्टँड आलं, चाचानं विचारलं परत फाटकाशी ना? ती म्हणाली, नाही चाचा, अजून एक वळसा घ्या, आता माझी पाळी. आणि त्या वळशात मला कळलं की मी चहात साखर फार घालते, तिच्या फोनवरच्या मीटिंगमध्ये मागून भांडी वाजवते, आणि तिचे धुतलेले कपडे पुन्हा खळबळून टाकते ते तिला आठ वर्षं खुपतंय. मी म्हटलं, भाकरी जाड होते तुझी. ती म्हणाली, माहितीय, आमच्याकडे तशीच करतात. चाचा आरशातून बघून हसत होता.

सोमवारी अहवाल गेला. बिल्डरवाल्याला सांगितलं, पलंग खरा ठेवा आणि समुद्र काढा, तोवर घेऊ नये. साडीवाल्याला पदर फिरवायला सांगितलं. व्यायामाचा घ्यावा, हलका करून. देवाचा ज्याचा त्यानं ठरवावा. आणि मिठाच्या धड्यापुढे तिनं लिहिलं, माहिती चुकीची, माझीच, पुन्हा करून मिळावी. मॅडमना बाकी सगळ्यापेक्षा हे शेवटचं वाक्य जास्त आवडलं म्हणे. पुढच्या महिन्यात ती कायम झाली. बातमी सांगताना पेढे आणले होते, वन्संनाही पाठवले. वन्संचा फोन आला, पेढे एकदम झकास. रिक्षात त्या काय म्हणाल्या असतील देव जाणे.

परवा नवीन मिठाचा धडा तयार होऊन आला. ऑफिसला द्यायच्या आधी तिनं चष्मा घरी आणला. मी सोफ्यावर बसले, चपला काढल्या, चष्मा लावला. वाफे तेच. पण आता बांधावर बायका होत्या, पदर खोचलेल्या, अनवाणी, रांगेत तुडवत होत्या, आणि पायाखाली चिखलाचा तो पच पच आवाज पण घातला होता. माझे पाय सोफ्याखाली आपोआप हलायला लागले. किती वेळ बघत होते कोण जाणे.

चष्मा काढला. सून समोर उभी, तशीच, डोळे माझ्या तोंडाकडे. रिक्षा नव्हती, कोपरा नव्हता, आमच्याच घराचा हॉल होता, ते जांभळे पडदे आणि तिनं केलेला चहा माझ्या हातात.

"किती?" तिनं विचारलं.

मी चहाचा घोट घेतला. टोपल्या अजून फार हलक्या उचलतात त्या बायका, मान जरा वाकायला हवी.

"साडेतीन," मी म्हटलं.

त्या पाचांनी कधी झाली नव्हती इतकी ती खूश झाली. लगेच वही घेऊन शेजारी बसली, म्हणाली, मान कशी वाकते दाखवा. मी स्वयंपाकघरातून कणकेचं पातेलं आणून डोक्यावर ठेवलं आणि दाखवलं.